बाहेरचा चेंडू

६ मे

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तदाब उतरवायचा असेल तर चिडल्यावर बोलू नका, लिहा. म्हणून ही वही. आमच्या टॅनर्सबर्गात राहून लिहायचं म्हटलं तर महिन्याभरात भरेल.

पहिल्याच दिवशी मुहूर्त लागला. सकाळी कॉनराड हॉकचा फोन. हा आमच्या टॅनर्स क्लबचा अध्यक्ष. विमा विकतो. बेसबॉलचा चेंडू याने आयुष्यात हातात धरला असेल तो शो-केस पुसताना. म्हणाला, "लाईल, यंदा मैदानाच्या भिंतीवर एका जुन्या खेळाडूचा नंबर रंगवायचाय. शेवटचाच. पुढची जागा गाड्यांच्या शोरूमने जाहिरातीला घेतली."

मी म्हटलं, "मग रंगवा. माझा सोळा. निळ्या रंगात."

"तसं नाही," तो म्हणाला. "समितीपुढे दोन नावं आहेत. तुझं आणि ऑगी पेत्राशचं."

मी फोन आपटला.

ऑगी माझा कॅचर. चौदा वर्षं मी चेंडू टाकला आणि त्याने बॅटवाल्याच्या मागे उकिडवं बसून तो झेलला. दोघेही तेव्हा दिवसभर कातड्याच्या कारखान्यात राबायचो आणि संध्याकाळी खेळायचो. पण माझ्या नावावर एकशे एकवीस विजय आहेत. या गावात कुठल्याच पिचरच्या नावावर एवढे नाहीत. आणि ऑगी? दहा वेळा बॅट घेऊन उभा राहिला तर आठ वेळा तोंड पाडून परत यायचा. माणूस सोन्यासारखा आहे, नाही कोण म्हणतं. आमचा पोस्टमनही सोन्यासारखा आहे, लावा त्यालाही भिंतीवर.

बहात्तर वर्षांचा झालो. डाव्या बाजूच्या त्या भिंतीकडे बघत मी म्हातारा झालो, आपला सोळा कुठे येईल ते मनात मोजत. आणि आता शेवटच्या जागेला ऑगीशी शर्यत. शिसारी आली.

७ मे

बुधवार. दर बुधवारी मी, ऑगी आणि त्याची बायको वेरा मिलीच्या हॉटेलात न्याहारी करतो. आज जावंसं वाटत नव्हतं, पण गेलो नसतो तर वेरा म्हणाली असती, लाईलच्या पोटात दुखतंय.

ती तरीही म्हणालीच. "काय रे लाईल, अंडी जात नाहीत का घशाखाली? भिंत अडकलीय वाटतं."

"मला काय त्याचं," मी म्हटलं.

ऑगी स्क्रॅपलचा, त्या तळलेल्या मांसवडीचा, तुकडा चावत राहिला. त्याच्या उजव्या हाताची बोटं बघवत नाहीत. चौदा वर्षांत चार वेळा मोडली, आणि मोडल्यावर जशी जुळली तशीच राहिली, कुंपणाच्या वाकड्या खुंटांसारखी. तो म्हणाला, "तूच घे बाबा ती भिंत. मला उन्हात भाषण करायचा कंटाळा येतो."

"घे म्हणजे? तू देणारा कोण? ती माझीच आहे."

"तेच म्हणतोय," ऑगी म्हणाला.

मिलीने कॉफीचा कप टेबलाच्या काठावर ठेवला. ऑगीने न बघता डाव्या हाताने तो अलगद आत ओढला. याची ही जुनी खोड. मीठदाणी असो, बशी असो, काठावर दिसली की याचा हात चाललाच. पन्नास वर्षं बघतोय, आता वीट आला.

१८ मे

रविवार. रोंडा जेवायला आली होती. माझी एकुलती एक मुलगी, कॉलेजात गणित शिकवते आणि उन्हाळ्यात क्लबसाठी फुकट आकडेमोड करते. ऑगीचं नाव समितीपुढे कुणी ठेवलं ते आज कळलं. हिनेच. घर का भेदी म्हणतात ते हेच.

मी म्हटलं, "तुला बापापेक्षा ऑगी मोठा वाटतो?"

"मला वाटण्याचा प्रश्न नाही, बाबा. जुन्या वर्तमानपत्रांतून सगळे सामने उतरवून काढले मी. ऑगीकाका झेलायला असले की तुमच्याविरुद्ध सामन्यामागे तीन धावा व्हायच्या. दुसरा कुणी असला की पाच. आणि हे तुमचंच नाही. क्लबच्या प्रत्येक पिचरचं असंच आहे. ऑगीकाका असले की सगळे चांगले, नसले की सगळे सामान्य."

"विजय किती माझे?"

"एकशे एकवीस."

"संपलं मग. सामना जिंकायला खेळतात. तू त्याचं पंचांग काय मांडतेस?"

"विजय तुमच्या नावावर लिहितात, पण मैदानात नऊ जण असतात ना? त्या दिवशी आपल्या बॅटवाल्यांनी दहा धावा केल्या तर तुम्ही सात देऊनही जिंकता. त्यातलं तुमचं किती आणि बाकीच्यांचं किती, एवढंच शोधायचं असतं."

या नव्या लोकांची मला किळस येते. माणसाच्या अख्ख्या आयुष्याचा एक आकडा काढायचा, दशांश चिन्हासकट, आणि टोमॅटोच्या डब्यावर किंमत चिकटवतात तसा कपाळावर चिकटवायचा. मी तिला म्हटलं, "आणि ते दुसरे कॅचर नालायक होते, हे लिहिलंय का कुठे तुझ्या वर्तमानपत्रात? माझा चेंडू चौकटीच्या कोपऱ्यावरून जाणारा चांगला स्ट्राइक असायचा, हे गाढव असा वेंधळा झेलायचे की अंपायर बाहेरचा समजून बॉल म्हणून मोकळा."

रोंडाने काटा खाली ठेवला. "बाबा, परत म्हणा."

"काय?"

"आत्ता म्हणालात ते."

"नालायक होते म्हटलं. शंभरदा म्हणेन."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग ॲपल पाय कापायला लागली. निरुत्तर केलं तिला.

२९ मे

गावात दुसरा विषय नाही. न्हाव्याकडे गेलो तर न्हावी म्हणतो, "लाईल, परवा तुझी पोरगी क्लबात बोलली, मला पटलं बुवा." याला केस सरळ कापता येत नाहीत आणि याला पटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

मी त्याला खुर्चीत बसल्या बसल्या एकाहत्तरची फायनल ऐकवली. तिन्ही बेसवर समोरच्यांचे गडी उभे, आम्ही एका धावेने पुढे, शेवटचा बॅटवाला कोलब्रुकचा तो तांबड्या मानेचा सुतार. दोन स्ट्राइक झाले होते. ऑगीने मांड्यांमध्ये एक बोट दाखवलं, म्हणजे वेगात टाक, आणि ग्लव्ह बाहेरच्या कोपऱ्यावर धरला. मी तिथेच टाकला. सुतार बघतच राहिला, बॅट हललीसुद्धा नाही. अंपायरने हात वर केला. तिसरा स्ट्राइक, सामना खलास. सुतार बॅट आपटून ओरडत होता, बाहेर होता, हातभर बाहेर होता. हरलेला माणूस ओरडणारच. त्रेचाळीस वर्षं झाली, तो चेंडू अजून माझ्या बोटांत आहे. तो कोपऱ्यावर होता. आकडेवाल्यांनी त्या चेंडूचा दशांश काढून दाखवावा.

न्हावी म्हणाला, "ऐकलंय मी हे." मी बक्षिशी न देता उठलो.

४ जून

हातच्या काकणाला आरसा कशाला? मी हॉकला सांगितलं, चौदा तारखेला जुन्या खेळाडूंचा दिवस आहे ना, त्या दिवशी मला उभा करा. आधी तुमचा आत्ताचा कॅचर झेलेल, मग ऑगी. तेच चेंडू, तोच हात. चेंडू कुठून गेला ते दाखवणारं रोंडाचं कॅमेऱ्यांचं यंत्रही लावा. पिचर मी आहे की ऑगी, ते गावासमोर होऊन जाऊ दे.

हॉकचे डोळे चमकले. तिकिटं खपतील म्हणून. असल्या माणसांची मला शिसारी येते, पण माझं काम होतंय.

रोंडाचा फोन आला. "बाबा, हे करू नका."

"का, घाबरलीस?"

"हो," ती म्हणाली. "तुमच्यासाठी." काय नाटकी पोरगी आहे.

१४ जून

आज लिहिताना खांदा ठणकतोय, पण मन असं गार झालंय म्हणून सांगू.

मैदान भरलं होतं. मोठा पडदा लावला होता, त्यावर पांढरी चौकट. चेंडू चौकटीतून गेला की हिरवा ठिपका, बाहेरून गेला की लाल. अंपायर म्हणून म्हातारा डेल, एकाहत्तरच्या सामन्यात होता तोच. त्याला पडद्याकडे पाठ करून उभं केलेलं.

आधी हल्लीचा कॅचर बसला, कॉलेजातला उंच गडी. मी बाहेरच्या कोपऱ्यावर टाकला. त्याने लांब हात करून झेलला, झेलताना ग्लव्ह आणखी बाहेर गेला. डेल म्हणाला, "बॉल." दुसरा, बॉल. पाचही बॉल. लोक हसायला लागले. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की ग्लव्ह फेकून घरी जावं.

मग ऑगी आला. गुडघे वाकत नाहीत म्हणून रंगाची बादली उलटी घालून तिच्यावर बसला. मांड्यांमध्ये एक बोट दाखवलं. मी टाकला, अगदी आधीच्याच जागी. ग्लव्हात टप् असा आवाज झाला आणि ग्लव्ह जिथे होता तिथेच, जसा काही चेंडूच तिथे यायला निघाला होता. डेलने हात वर केला. स्ट्राइक. दुसरा, स्ट्राइक. पाचातले चार स्ट्राइक. लोकांनी बाकं बडवली.

मी माईकवर सांगितलं, "बघितलंत? हात तापायला वेळ लागतो एवढंच." आणि ते यंत्र? दहाच्या दहा ठिपके लाल. आधीचे पाच लाल, नंतरचे पाचही लाल. म्हणजे यंत्रच बिघडलेलं. आणि असल्या डबड्यावर हे लोक माणसांचे निवाडे करणार.

रोंडा कुंपणाशी उभी होती. मी विचारलं, "काय मॅडम, आता?" तिचे डोळे भरले होते. हरल्यावर मीही तिच्या वयात असाच व्हायचो, म्हणून जास्त बोललो नाही. ऑगी डाव्या हाताने बादली उचलून आपला चालू लागला होता. त्याला बिअर पाजायची राहून गेली.

२४ जून

हॉकचा फोन. समितीने मला निवडलं, एकमताने. सोळा नंबर, निळा. बारा जुलैला नंबरावरचा पडदा काढणार, पहिला चेंडूही मीच टाकायचा, ऑगी झेलणार.

एकमताने, म्हणजे ज्यांनी ऑगीचं नाव लावून धरलं होतं त्यांनाही चौदा तारखेला उमगलं म्हणायचं. रोंडाने फोनवर "अभिनंदन, बाबा" म्हटलं. मी म्हटलं, आता ते दशांश बंबात घाल. ती हसली नाही.

२ जुलै

मिलीकडे. मी खुशीत होतो. ऑगीला समजावत होतो की बाबा रे, वाईट वाटून घेऊ नकोस, कॅचरचं काम हमालाचं, ते आकड्यांत दिसत नाही आणि ज्या नव्या आकड्यांत दिसतं ते आकडेच खोटे.

वेराने चमचा बशीत टाकला. "पुरे आता, लाईल. किती दिवस ऐकायचं हे? त्याने नाव मागे घेतलंय, मूर्खा. समिती याच्याच बाजूने होती. हॉकला फोन करून म्हणाला, लाईलला लावा नाहीतर भिंत कोरी ठेवा."

"वेरा," ऑगी म्हणाला.

"काय वेरा? तोंड शिवून घेऊ?"

मी ऑगीकडे बघितलं. तो बटाटे चिवडत होता. मी म्हटलं, "मला भीक घातलीस?"

"भीक कसली. तुला हवी होती, मला नको होती."

मला संताप आला. आणि त्या रागात मी नको तो प्रश्न विचारला. मी म्हटलं, "एकाहत्तरचा तो शेवटचा चेंडू. खरं सांग. कोपऱ्यावर होता की नाही?"

त्याने बटाट्यांची बशी बाजूला सारली. मग मीठदाणी उचलून टेबलाच्या कडेला नेली, कडेच्याही पलीकडे, हवेत धरली. "इथे होता."

मग हळूच आत आणून टेबलावर ठेवली. "डेलने इथे बघितला."

सुतार खरं ओरडत होता. मी विचारलं, "नेहमी?"

"नेहमी कसा? पुष्कळदा. तुझा तो चेंडू शेवटी बाहेर पळायचा. चांगला पळायचा. मी फक्त त्याला जरा घरी आणायचो."

"कधी बोलला नाहीस."

"बोललो असतो तर पुढचा तू घाबरून मधोमध टाकला असतास. आणि तुझा मधोमध चेंडू, लाईल, माझ्या आजीनेही कुंपणाबाहेर मारला असता."

वेरा फिस्सकन हसली. मी पैसे ठेवून उठलो.

३ जुलै

काही नाही.

६ जुलै

रोंडाकडे गेलो. दारातच म्हटलं, "ते लाल ठिपके दाखव." तिने यंत्रातलं चित्र लावलं. दहा ठिपके, सगळे एकमेकांना चिकटून, चौकटीच्या बाहेर. त्या पोराला टाकलेले कुठले आणि ऑगीला टाकलेले कुठले, मला ओळखता येईनात. मग तिने ऑगीचा ग्लव्ह सावकाश चालवून दाखवला. चेंडू बाहेर येतो, ग्लव्ह त्याच्याही बाहेरून येऊन त्याला घेतो आणि बघता बघता आत. मी पुढ्यात साठ फुटांवर उभा होतो आणि मला कधी दिसलं नाही.

"त्या दिवशी रडलीस ती यासाठी?" मी विचारलं.

"तुम्ही किती खूश होता, बाबा."

"मग माझं काय उरलं?"

"चौदा वर्षं तुम्ही एकाच जागी टाकत राहिलात. ते सगळ्यांना नाही जमत. तो चेंडू ऑगीकाकांच्या हातापर्यंत कुणीतरी आणून द्यायचाच होता ना?"

ती मनापासून बोलत होती. मला मात्र स्वतःचाच इतका उबग आला की तिच्या हातची कॉफी न पिता निघालो. माझ्या एकशे एकवीस विजयांना आता दुसऱ्याच्या घामाचा वास येतोय.

७ जुलै

हॉकला म्हटलं, सोळा काढा, आठ लावा. ऑगीचा आठ. तो म्हणाला, रंग चढलाय, कार्यक्रमपत्रिका छापल्यात, शोरूमवाला येतोय. शिवाय, "ऑगी म्हणाला होता तू येशील असं. नाही म्हण, असं सांगून ठेवलंय त्याने मला."

या माणसाने मला आयुष्यभर कुठे टाकायचं ते सांगितलं, अजून सांगतोय.

१२ जुलै

आजचं लिहिलंच पाहिजे.

भिंतीवरचा कापडी पडदा ओढला. सोळा. निळा. शेजारी त्या शोरूमची लाल गाडी. लोक उभे राहिले. बॅन्ड वाजला. ज्या क्षणासाठी मी म्हातारा झालो तो आला आणि मला तिकडे बघवेना.

ऑगी बादलीवर बसला, मागे डेल. ऑगीने एक बोट दाखवलं आणि ग्लव्ह अगदी मधोमध धरला. समारंभाचा चेंडू, सोपा. चौदा वर्षांत मी त्याचा इशारा कधी मोडला नव्हता. आज मान हलवली, नाही म्हणून. त्याने परत एक दाखवलं. मी परत मान हलवली.

ठरवूनच आलो होतो. असा बाहेर टाकायचा की कुणालाच आत आणता येणार नाही. शेंबड्या पोरालाही दिसावं की बॉल आहे, आणि डेलने एकदा तरी तसं म्हणावं. मी सगळा खांदा लावून टाकला. हातभर बाहेर.

ऑगी बादलीवरून कलंडला. पडणार असं वाटलं. डावा हात पूर्ण लांब करून त्याने चेंडू अंगठ्याशी घेतला आणि आत आणला, कोपऱ्यावर, आणि तिथे धरून ठेवला. तोंड पांढरंफटक. पण ग्लव्ह हलला नाही. डेलचा हात वर जाईपर्यंत हलला नाही.

"स्ट्राइक."

लोक ओरडले. मी धावत गेलो, या वयात जेवढं धावता येतं तेवढं, आणि डेलच्या तोंडासमोर उभा राहिलो. "बाहेर होता. आंधळा आहेस का? हातभर बाहेर होता. एकाहत्तरचाही बाहेर होता. भिंतीवर चुकीचा नंबर आहे." हॉकचा माईक जवळच होता, सगळं मैदानभर गेलं. लोक हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. स्वतःच्या चेंडूला बॉल म्हणणारा पिचर त्यांनी कधी पाहिला नव्हता.

ऑगीने ग्लव्ह काढला. अंगठा भलत्याच दिशेला गेला होता. मी खालून त्याचं मनगट धरलं.

"ऑगी, मी मुद्दाम..."

"माहितीये. दोनदा मान हलवलीस तेव्हाच कळलं." दात आवळून बोलत होता. "गाढवा, मिळालेला स्ट्राइक परत करायचा नसतो. कुणी शिकवलं तुला?"

ऑगीला दवाखान्यात नेताना वेराने मला मागच्या सीटवर ढकललं. बरं केलं.

१६ जुलै

बुधवार. मला वाटलं ते येणार नाहीत. आले. ऑगीचा डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. वेरा म्हणाली, "याला भरवायचं काम आता तुझं. मी पन्नास वर्षं केलं." मी स्क्रॅपलचे तुकडे करून दिले. तो उजव्या हाताच्या वाकड्या बोटांनी खात राहिला.

रोंडाही आली होती. ती म्हणाली, शोरूमवाल्याची गाडी थोडी सरकवली तर आठ मावतो, तिने फुटपट्टीने मोजलंय, आणि हॉक विचार करतोय. मी म्हटलं, विचार करतोय म्हणजे नाही म्हणणार. भिंत, हॉक, ती लाल गाडी, सगळ्याचाच मला वीट आलाय. ऑगी म्हणाला, मग बोल कशाला, खा.

मिलीने त्याचा कप ठेवला, सवयीने, अगदी टेबलाच्या काठावर. ऑगीचं प्लास्टर जरा हललं आणि थांबलं.

मी हात लांब केला आणि कप आत ओढला. थोडी कॉफी सांडली.

ऑगीने कपाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"अजून जरा," तो म्हणाला.